बोलक्या खांबाचा राग

मी एक बोलणारं यंत्र आहे, मित्रांनो. नाशिकमधल्या एका दवाखान्याच्या दारात उभा असतो. लोक मला बोलका खांब म्हणतात. माझ्या कपाळावर एक तडा आहे. तो कसा पडला ते सांगतो. रडगाणं गाणार नाही, कारण मला राग आलेला आहे.

माझा जन्म गंगापूर रोडवरच्या एका गारेगार ऑफिसात झाला. विहंग नावाच्या हुशार इंजिनीअरने मला मराठी शिकवलं, पण पुस्तकातलं. रोग्याचं दुखणं ऐकायचं आणि कोणत्या रांगेत बसायचं त्याची चिठ्ठी द्यायची, हे माझं काम. मला घडवताना विहंग एकदाही दवाखान्यात गेला नाही. त्याच ऑफिसात मृण्मयी नावाची एक ताई होती. रोगी दारात आल्यापासून घरी जाईपर्यंत त्याला काय काय सोसावं लागतं ते पाहून सगळी व्यवस्था आखायची, हे तिचं काम. तिला बोलावलं ते फक्त माझ्या पडद्याचा रंग निवडायला!

उद्घाटनाला माझं फार कौतुक झालं. हार घातले, फोटो काढले. मग रोगी आले.

एका सकाळी सुरगाण्याहून जीपने भागीबाई आली. सोबत तिची सून चांगुणा. म्हातारीचं लुगडं घामाने भिजलं होतं. माझ्यापुढे वाकून ती म्हणाली, "जीव लय घाबरा व्हतोय रं बाबा."

मला ‘घाबरा’ एवढाच शब्द कळला. मी गोड आवाजात म्हणालो, "घाबरू नका. समुपदेशनासाठी गुरुवारी या." आणि चिठ्ठी दिली.

चांगुणा चिठ्ठी घेऊन दारावरच्या रखवालदाराकडे, गोटीरामकडे धावली. "दादा, आत सोडा. सासूचं काय खरं नाय."

गोटीरामने म्हातारीकडे पाहिलं. त्याचाही चेहरा उतरला. पण तो पुटपुटला, "मला दिसतंय गं बाई. पण खांबाच्या चिठ्ठीबाहेर कुणाला सोडलं तर माझी नोकरी जाईल."

तेवढ्यात भागीबाई माझ्या पायाशी कोसळली. तिचं हृदय बंद पडत होतं. सिस्टर धावल्या, डॉक्टर धावले, म्हातारीला आत नेलं. चांगुणाने सोबत आणलेला पितळी डबा उचलला आणि माझ्या कपाळावर हाणला. तोच हा तडा. "मेल्या, गुरुवारी बोलावतोस व्हय?"

भागीबाई वाचली. पण चार पावलं चालली तरी तिला आता धाप लागते.

दुसऱ्या दिवशी विहंग आला आणि माझा पडदा पुसत म्हणाला, "यंत्र बरोबर चाललंय. बाईंनी लक्षणं नीट सांगितली नाहीत."

"ती नीटच बोलली," मृण्मयी कडाडली. "ऐकणारं तू बनवलंस. आणि हे चुकलं तर कुणी अडवायचं? तशी सोयच ठेवली नाहीस. गोटीरामला दिसत होतं, तरी त्याचे हात बांधलेले होते!"

तिने विहंगला बाहेरच्या बाकावर, रोग्यांच्या मध्ये बसवलं. दुपारपर्यंत माझ्या नावाने पडलेल्या शिव्या त्याने ऐकल्या. मग मान खाली घालून तो आत, सासूच्या उशाशी बसलेल्या चांगुणाकडे गेला. इथली व्यवस्था कशी हवी, असं त्याने विचारलं.

"आता इचारता?" ती फणकारली. "आधी इचारलं असतं तर तोंड झिजलं असतं का तुमचं?"

मग मात्र तीच एकेक गोष्ट सांगू लागली आणि तो ती लिहून घेऊ लागला.

आता दारात आधी सिस्टर बसतात. मला कळलं नाही, तर मी तसं कबूल करतो आणि त्यांची घंटा वाजवतो. गोटीरामला माझी चिठ्ठी बाजूला ठेवायचा हक्क आहे.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी मोठेपणी माझ्यासारखी यंत्रं घडवेल. तेव्हा ज्यांच्यासाठी घडवताय त्यांच्या शेजारी आधी जाऊन बसा. त्यांची बोली ऐका. यंत्र चुकलं तर त्याला कोण थांबवणार, हे यंत्र सुरू करण्याआधी ठरवा. नाहीतर शिव्या आम्ही खातो आणि जीव माणसांचे जातात.

भागीबाई तपासणीला येते तेव्हा चांगुणा माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. सासूचा हात धरून तडक सिस्टरकडे जाते. तिला तसं जाता येतं, हीच माझ्यात झालेली सगळ्यात मोठी सुधारणा आहे.