डॉमिनिकच्या निरोपाचा बॅनर

शनिवारी दुपारी कोरमंगलातल्या एका पीजीच्या गच्चीवर श्रीहरी गुडघे टेकून बसला होता आणि कापडावरचा भलामोठा कान रंगवत होता. कान डॉमिनिक सेल्वराजचा होता. कँटोन्मेंट स्टार्स या फुटबॉल संघाचा कॅप्टन, बचाव फळीचा मधला खांब, अकरा वर्षं एकाच क्लबात. चित्र तीन मोसमांपूर्वीच्या एका सामन्यातलं होतं. त्या दिवशी कपाळ फुटून रक्त वाहत असताना तो पट्टी बांधून पुन्हा मैदानात उतरला होता. शेवटच्या मिनिटाला गोलरेषेवरून त्यानं डोक्यानं चेंडू बाहेर काढला होता, तोही पट्टी बांधलेल्या बाजूनंच.

रविवारी डॉमिनिकचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना होता. ‘कॅप्टननं निरोप घ्यायचं ठरवलं आहे,’ असं क्लबनं जाहीर केलं होतं. वय चौतीस, गुडघ्याची दोन ऑपरेशनं झालेली, तेव्हा आता खेळणं थांबवत असणार असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. पूर्व स्टँडमधल्या मंडळींनी कापड आणलं, रंग आणले. चाळीस फुटांचं चित्र सामन्याआधी दोरांनी वर चढवायचं ठरलं.

मंडळी म्हणजे बहुतेक पुण्या-मुंबईकडून नोकरीला आलेली मुलं. श्रीहरी त्यांच्यात एकटाच पन्नाशीचा. चामराजपेटेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातला, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत खरेदी विभागात नोकरीला. त्याची कन्नड वळणाची मराठी ऐकून मुलं सुरुवातीला हसायची. आता तीच त्याला अण्णा म्हणायची आणि प्रत्येक गोष्ट त्याला विचारून करायची.

“अण्णा, हे बघा,” शुभंकर म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता.

त्यानं फोन पुढे केला. व्हाइटफील्ड सिटीनं फोटो टाकला होता. डॉमिनिकच्या हातात त्यांचा पिवळा शर्ट होता. एक वर्षाचा करार.

श्रीहरीनं ब्रश डब्यात ठेवला. व्हाइटफील्ड सिटी म्हणजे याच शहरातला दुसरा क्लब. दोन्ही क्लबांचा सामना असला की पोलीस जादा बंदोबस्त लावायचे. दिल्लीला गेला असता, कोलकात्याला गेला असता, तर माणूस रडून मोकळा झाला असता. हा गावातल्या गावात घर बदलत होता.

“गद्दार,” शुभंकर म्हणाला. “हे कापड मी फाडणार आहे.”

“कुणी हात लावायचा नाही,” मुग्धा म्हणाली. कोपऱ्यातली अक्षरं तिनं काढली होती. “आठवडा घालवलाय आपण.”

“म्हणूनच! आठवडाभर आपण येड्यासारखे त्याचे कान-नाक रंगवतोय आणि हा तिकडे सह्या करतोय. उद्या शिट्ट्या मारायच्या. नव्वद मिनिटं.”

एकेक जण बोलत गेला. कुणी म्हणालं, बॅनर लावू पण उलटा लावू. कुणी म्हणालं, स्टँड रिकामा ठेवू. भांडून थकल्यावर सगळे श्रीहरीकडे बघायला लागले. तो काय म्हणेल ते करायचं, असं मुग्धानं जाहीर करून टाकलं आणि शुभंकरनंही मान हलवली.

“स्वल्प वेळ द्या मला,” श्रीहरी म्हणाला. “उद्या सांगतो.”

रविवारी सकाळी त्याला एका जागी बसवेना. पेपर उघडला, मिटला. गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घातलं, पुन्हा घालायला गेला. श्रीविद्या, त्याची बायको, डोशाचं पीठ ढवळत होती.

“अहो, बसा नाहीतर कुठंतरी जाऊन या. घरभर फेऱ्या घालताय, मला गरगरायला लागलं.”

“त्यानं असं का केलं असेल?”

“मला काय विचारता? त्यालाच विचारा जाऊन.”

तिनं ते वैतागून म्हटलं होतं. श्रीहरीनं मात्र स्कूटरची किल्ली उचलली.

डॉमिनिकचं घर गौतमपुऱ्यात आहे हे अख्ख्या स्टँडला ठाऊक होतं. श्रीहरी मात्र तिकडे कधी गेला नव्हता. मैदानाबाहेर त्या माणसाला गाठायचं त्याच्या मनातच आलं नव्हतं. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना टेकलेल्या दुचाकी, चर्चहून परतणारी माणसं. एका निळ्या दाराशी तो थबकला. परत जावं असं त्याला तीनदा वाटलं. तेवढ्यात दार आतूनच उघडलं. डॉमिनिक कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आला होता. मैदानावर दिसायचा त्यापेक्षा बराच बारीक वाटत होता आणि उजव्या गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधलेली होती.

“काय हवंय?” त्यानं कन्नडमध्ये विचारलं.

“मी पूर्व स्टँडमध्ये असतो,” श्रीहरीही कन्नडमध्ये म्हणाला. “पहिल्या मोसमापासून. तुम्हांला एक विचारायचं होतं...”

डॉमिनिकनं डोळे बारीक केले. “थांबा. ‘लाइन बिडबेडा’ म्हणून ओरडता ते तुम्हीच?”

लाइन सोडू नकोस. प्रत्येक सामन्यात, प्रतिस्पर्धी चाल करून आले की श्रीहरी ओरडायचा. तो कानकोंडा झाला. “ऐकू येतं?”

“अकरा वर्षं! सगळं स्टेडियम गरजत असलं तरी तुमचा आवाज येतो. किती वेळा वाटलं, वर येऊन सांगावं, की बाबा, लाइन कशी धरायची ते मला कळतं.” तो हसला. मग हसू ओसरलं. “विचारा काय ते. शिव्या घालायला आला असाल तर आत या. गल्लीत नको, आई शेजारीच बसलीय, ऐकेल.”

आत दोन खुर्च्या आणि भिंतीलगत बुटांची रांग होती. श्रीहरीनं घरून जुळवून आणलेली वाक्यं काही केल्या आठवेनात. “व्हाइटफील्डलाच का?” एवढंच तो म्हणाला.

डॉमिनिक गुडघ्यावरची पिशवी सारखी करत राहिला.

“मी निरोप घ्यायचं ठरवलं नाही. मला सांगितलं गेलं. क्लबचा मेसेज आला फोनवर, दोन ओळींचा. वर हेही, की तुमचा स्वतःचा निर्णय म्हणून जाहीर करू, तुमच्याच मानाचं होईल.” तो थोडा थांबला. “मी अजून एक वर्ष खेळू शकतो. व्हाइटफील्डनं बोलावलं. दुसऱ्या कुणी बोलावलं नाही.”

श्रीहरी खुर्चीतून उठलाच. “मग हे सांगायला पाहिजे! मी आत्ता सांगतो मुलांना. संध्याकाळी अख्खा स्टँड क्लबच्या ऑफिसवर चाल करून जाईल. तुमच्या नावानं...”

“बसा,” डॉमिनिक म्हणाला. “तुम्ही कुणालाही सांगणार नाही.”

“का?”

“कारण मग उद्या सगळे म्हणतील, बिचारा. व्हाइटफील्डच्या ड्रेसिंग रूममध्ये शिरेन तेव्हा तिथली पोरं बघतील, हा आला टाकून दिलेला. मला त्या पोरांना ओरडायचंय, सर. त्यांनी ऐकलं पाहिजे. उरलासुरला माल म्हणवून घेण्यापेक्षा गद्दार बरा. गद्दाराला निदान कुणीतरी मागितलेलं असतं.”

“आणि संध्याकाळच्या शिट्ट्या?”

“मारू देत. त्यांचा हक्क आहे. शब्द द्या मला.”

श्रीहरीला द्यायचा नव्हता. खिडकीतून गल्लीत पोरं चेंडू आपटत असल्याचा आवाज येत होता आणि हा समोरचा माणूस हात पुढे करून बसला होता, हात मागे घेत नव्हता. शेवटी श्रीहरीनं तो हातात घेतला.

स्टेडियमच्या फाटकाशी शुभंकर त्याची वाटच बघत होता. “मुग्धानं घरी फोन केला तेव्हा काकू म्हणाल्या, तुम्ही त्याच्या घराकडे गेलात. भेटला? काय म्हणाला?”

“घरी नव्हता,” श्रीहरी म्हणाला.

“बघा! तोंड दाखवायची हिंमत नाही.”

मुलांनी आणून ठेवलेली बॅनरची गुंडाळी खांद्यावर घेऊन श्रीहरी जिने चढला आणि वर गेल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “बॅनर लागणार. सरळ लागणार. ज्याला धरायचं नाही त्यानं बाजूला बसावं, मी रागावणार नाही.”

“पण का, अण्णा? कारण तरी सांगा,” शुभंकर म्हणाला.

कारण जिभेवर होतं. एक वाक्य, आणि ही सगळी मुलं डॉमिनिकच्या बाजूनं उभी राहिली असती. “मला लावायचाय म्हणून,” तो म्हणाला. कारण म्हणून ते किती पोकळ आहे हे त्याचं त्यालाच कळलं.

जवळजवळ सगळीच मुलं बाजूला झाली. शुभंकर सगळ्यांत आधी. संघ मैदानात आले तेव्हा एका टोकाला श्रीहरी आणि मुग्धा होते, दुसऱ्या टोकाला एकटा अजित, कोरमंगलातल्या पीजीचाच एक मुलगा. त्याला ते वजन पेलेना. कापड एका बाजूनं वर गेलं, दुसऱ्या बाजूनं खालीच लोंबत राहिलं. पट्टी बांधलेलं ते डोकं तिरकं झालं, एक डोळा घडीत गेला. खालच्या रांगांतून शिट्ट्या सुरू झाल्या. त्या बॅनरला आहेत की डॉमिनिकला, ते कळत नव्हतं.

नव्वद मिनिटं तसंच चाललं. डॉमिनिकच्या पायात चेंडू आला की पूर्व स्टँड हुर्यो करायचा. तो नेहमीसारखाच खेळला, ना जास्त चांगला, ना वाईट. श्रीहरीला खाली बसवत नव्हतं आणि उभं राहिलं तर मागचे ओरडत होते. सामना बरोबरीत सुटला. क्लबकडून ना हार आला, ना कुणी दोन शब्द बोललं. लाउडस्पीकरवर लगेच जाहिरात लागली. खेळाडू आत जायला लागले.

डॉमिनिक मात्र गेला नाही. तो एकटा मैदान ओलांडून पूर्व स्टँडकडे यायला लागला.

शिट्ट्या वाढल्या. कुणीतरी पाण्याची अर्धी भरलेली बाटली भिरकावली, ती त्याच्या खांद्याला लागली. तो थबकला, बाटली उचलून रेषेबाहेर ठेवली आणि पुन्हा चालत येऊन कठड्यासमोर उभा राहिला. हात पाठीमागे बांधून. हात जोडले नाहीत, छातीवरच्या क्लबच्या खुणेला हात लावला नाही. नुसता उभा राहिला आणि एकेका चेहऱ्याकडे बघत राहिला. लोक ओरडत होते आणि तो ऐकत होता, जसं कुणी आपल्याला सांगितलेलं काम ऐकून घेतं.

ओरडायलाही काही मर्यादा असते. हळूहळू आवाज विरळ झाले. एकेक जण खाली बसला, कुणी फोनमध्ये डोकं घातलं. शेवटी एकटा शुभंकर उरला, कठड्यावर ओणवा होऊन ओरडत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मग त्याचाही घसा बसला. त्या शांततेत डॉमिनिकनं मान किंचित लववली आणि तो वळून लंगडत आत निघून गेला.

श्रीहरीच्या लक्षात आलं, एवढ्या वेळात आपण टाळीही वाजवली नाही. दोर दोन्ही हातांत होता, तळहात सोलवटले होते.

“एकदा सांगायचं ना त्यानं,” जिना उतरताना शुभंकर म्हणाला. आवाज फुटत नव्हता, नुसती हवा येत होती. “का जातोय ते. मी काही दगड नाही, अण्णा. मला समजलं असतं.”

श्रीहरीनं त्याच्याकडे पाहिलं. चोवीस-पंचवीस वर्षांचं पोर, दर शनिवार-रविवार घरच्यांपासून लांब या स्टँडमध्ये काढणारं. याला सांगितलं तर काय बिघडणार आहे? एकट्याला? तो पायरीवर थांबला. तोंड उघडलं. सकाळचा तो पुढे केलेला हात डोळ्यांपुढून हलेना.

“खरंय रे,” तो म्हणाला. “सांगायला पाहिजे होतं.”

घरी पोचला तेव्हा श्रीविद्या टीव्ही बंद करत होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

“भेटला होता का सकाळी?”

“भेटला.”

“मग? का केलं म्हणाला?”

ती तीस वर्षांची सोबतीण. तिच्यापासून त्यानं पगारवाढ लपवली नव्हती की आजार लपवला नव्हता. त्यानं पायांतल्या चपलाही काढल्या नव्हत्या.

“बोलला,” श्रीहरी म्हणाला. “बरंच बोलला.”

ती वाट बघत राहिली. मग तिनं त्याचे तळहात पाहिले, ‘सरी, असू दे,’ म्हणाली आणि हळद आणायला आत गेली. ती परत आली की आपण सगळं सांगून बसू, असं वाटून श्रीहरी तसाच पुन्हा दार उघडून बाहेर पडला. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. रस्त्यावर बरीच वर्दळ होती आणि चालत राहणं एवढंच त्याला आत्ता जमणार होतं.