वाणाच्या डब्या

श्रीरंगरावांची सगळी नोकरी संरक्षण खात्याच्या कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात गेली. कुठला सुटा भाग कुठल्या कप्प्यात, हे ते झोपेतही सांगत. पण स्वतःची जुनी नाणी कशात ठेवावीत, हे काही त्यांना निवृत्तीनंतरही ठरवता येईना.

प्लास्टिकच्या खिशांचा अल्बम आणला, तर तांब्यावर हिरवा चिकटा धरेल म्हणून परत केला. पुठ्ठ्याच्या चौकटी आणल्या, तर स्टेपलरची पिन ओरखडे काढेल या धास्तीनं त्या तशाच पडल्या. मग लाकडी खण करायचं ठरलं. सुतारानं लाकूड कुठलं, एवढंच विचारलं. "विचार करून सांगतो," म्हणून श्रीरंगराव जे घरी आले, ते त्या सुताराची गल्लीच टाळू लागले. तोवर नाणी जेवणाच्या टेबलावर, जुन्या धोतराच्या चिंध्यांत.

"अहो, संक्रांतीचं हळदीकुंकू तोंडावर आलं," लतिकाबाई म्हणाल्या. "एकदाचं ठरवा, नाहीतर मी सगळी पोह्यांच्या डब्यात भरते!"

दुसऱ्या दिवशी टेबलावर एक खोकं दिसलं. आत छोट्या, गोल, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्या. श्रीरंगरावांना भरून आलं. बायको बोलते फटकळ, पण मन पाहा! स्टील गंजत नाही, दमट हवा आत जात नाही. इतकं साधं आपल्याला कसं सुचलं नाही? त्यांनी निवडक नाणी एकेक करून चिंधीत गुंडाळली आणि एकेका डबीत बसवली. सिहोऱ्याच्या बाजारात भंगारवाल्याकडे सापडलेला भोसल्यांच्या वेळचा पैसा सर्वांत शेवटी. वस्तू जिथून घेतली तिथेच ठेवायची, ही स्टोअरची सवय. म्हणून भरलेल्या डब्या पुन्हा खोक्यात, वरच्या थरात नीट लागल्या. बायकोचे आभार मानायचे मनात होते, पण तोंडावर असं काही म्हणायची सवय नव्हती. म्हटलं, उद्या.

उद्या हळदीकुंकू होतं. बायका यायच्या आधीच श्रीरंगराव पुस्तक घेऊन आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी कडी लावली. संध्याकाळी बाहेर आले, तर खोकं रिकामं.

"डब्या कुठे गेल्या?"

"लुटल्या की! वाण होतं ते. काय, तुमच्यासाठी आणल्या होत्या वाटलं?"

श्रीरंगरावांनी रिकामं खोकं उलटं करून पाहिलं. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे हळदीकुंकवाला येऊन गेलेल्या इंदूवहिनी, आणि त्यांचा आवाज फोनशिवायही ऐकू आला असता. "लतिका, काय कल्पना आहे ग तुझी! वाणाच्या डबीत लक्ष्मी! आपल्या शकूच्या डबीतही निघाली. सारा दीक्षितपुरा तुझंच नाव घेऊन राहिला!"

लतिकाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि क्षणात सगळं ओळखलं. "असंच सुचलं हो," त्या फोनमध्ये गोड हसल्या. फोन ठेवून म्हणाल्या, "खबरदार! दिलेलं वाण परत मागितलंत, तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"पण भोसल्यांचा पैसा..."

"बघून या. मागू नका."

शुक्रवारी सकाळी श्रीरंगराव इंदूवहिनींच्या दारात उभे राहिले. बेल वाजवावी की नको, या विचारात असतानाच दार उघडलं.

"काहून जी भाऊजी, बाहेरच उभे राहून राहिले? या ना!"

देवघरात, बाळकृष्णाशेजारी, तोच पैसा. आणि त्याच्याजवळ वाटीत भिजवलेली चिंच.

"लक्ष्मी किती काळी पडली पाहा," वहिनींनी बाही सरसावली. "आता घासते, चकाचक!"

"नको!"

आपला एवढा मोठा आवाज ऐकून श्रीरंगराव स्वतःच दचकले. मग मात्र ते बोलत सुटले. "तो मळ नाही वहिनी, ती तांब्याची कातडी आहे. पिढ्यान्‌पिढ्या लागतात ती धरायला. घासली की नाणं उघडं पडतं, पुन्हा झाकत नाही." लग्नातसुद्धा ते इतकं बोलले नव्हते.

वहिनींनी वाटी बाजूला सरकवली. "अच्छा! म्हणजे म्हाताऱ्या माणसाला वज्रीनं घासू नये, तसं."

"अगदी तसंच."

आता मागावा का? शब्द गळ्यापर्यंत आले. तेवढ्यात वहिनींनी पैसा चिंधीत गुंडाळला, डबीत ठेवला आणि डबीला हात जोडले. "घरी आला आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या सुखदाला पाटनचं स्थळ सांगून आलं, भाऊजी. हात नाही लावणार मी आता त्याला."

श्रीरंगरावांनी कोनाडा पाहिला. कोरडा, उन्हापासून दूर, डबीचं झाकण घट्ट. इतकी वर्षं शोधून याहून चांगली जागा त्यांना मिळाली नव्हती. गळ्याशी आलेलं त्यांनी गिळलं.

"फक्त ओलं कुंकू लावू नका."

"बरं, डबीला लावते. बसा, चहा टाकते. आणि हे शकूला नक्की सांगा हं, ती बाराला बसणार आहे घासायला. चिंच कमी पडते म्हणून लिंबंही आणलीत तिनं."

श्रीरंगराव चहा न घेताच उठले. समोरून जाणारी पहिली रिक्षा त्यांनी भाडंसुद्धा न विचारता थांबवली.