गुलाबाखालचं नाव

ऑगस्टमधल्या दुसऱ्या शनिवारी आमच्या मार्लो फोर्कला गावदिन असतो. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी वेर्ला स्टॉकर्ड आणि तिची भाची जोलीन चर्चच्या तळघरात नावांची गोधडी पसरत होत्या. १९२१ साली घरटी एका बाईने आपलं नाव लाल दोऱ्याने भरून ही गोधडी केली. सत्तेचाळीस नावं, आणि मधल्या चौकोनावर कापडी गुलाब. तो उन्हाने विटतो, म्हणून दर वर्षी जुन्यावरच नवा लावायचा. हे काम वेर्लाच्या आईचं, मग वेर्लाचं. यंदा तिचे हात थरथरायला लागले, म्हणून जोलीनचं.

"मावशी, हा गुलाब आहे की उशी? सुईच शिरत नाही. जुने काढू या का सगळे?"

वेर्लाने खुर्ची जवळ ओढली. पासष्ट वर्षं तिच्या कानात दोरा तुटल्याचा बारीक आवाज येत होता, तो आता अगदी जवळून आला.

"काढ. पण आधी ऐक. इथे लेटी गेन्सचं नाव होतं. नदीपलीकडचं तेवढं एकच."

"कोण लेटी?"

"सुईण. नदीपलीकडच्या काळ्या लोकांच्या वस्तीतली. मी सात वर्षांची असताना गावातले पुरुष तिकडे गेले आणि म्हणाले, दिवस मावळायच्या आत निघा. अकरा घरं गेली. चुलीवर शेंगा शिजत होत्या, त्या तशाच. दुसऱ्या दिवशी आईने ही गोधडी मांडीवर घेतली. मला म्हणाली, घट्ट धर. मी धरली, तिने नाव उसवलं आणि वर पहिला गुलाब लावला."

"आजीने?"

"आठवा महिना होता तिला. पंधरवड्यात कळा सुरू झाल्या, आणि गावात सुईण नव्हती. आई कशीबशी वाचली. माझा भाऊ गेला."

आमच्या गावाच्या इतिहासाच्या पुस्तकात पुराची नोंद आहे, वादळाची आहे, जत्रेत बक्षीस मिळालेल्या डुकराचीही आहे. त्या संध्याकाळची नाही. पुलावरची 'काळ्यांनी सूर्यास्तानंतर थांबू नये' ही पाटी माझ्या लग्नापर्यंत होती, आणि तिच्याखालून मीही मुकाट्याने जात-येत होतो. नदीपलीकडे आजही वसंतात अंगणात लावलेल्या आयरिसची जांभळी फुलं ओळीने उमलतात. त्या फुलांमागे घरं नाहीत. आम्ही तिकडे पाहायचं टाळतो.

"मावशी, उद्या सगळं गाव येणार. हे आत्ताच कशाला उकरायचं?" जोलीनचा आवाज बारीक झाला होता.

"मग तू लाव गुलाब. पुढे तुझ्या लेकीला शिकव. मी लावणार नाही."

जोलीनने गोधडी स्वतःकडे ओढली. मग तिने कात्री उचलली.

"थरथरतेयस तू. मी कापते," ती म्हणाली. "तू घट्ट धर."

एकेक थर निघत गेला. खालचं कापड कोरं, पांढरंशुभ्र होतं, आणि त्यावर सुईच्या भोकांची ओळ होती. जोलीनने ते छताजवळच्या खिडकीकडे धरलं. उजेडात अक्षरं दिसली: लेटी गेन्स.

वेर्लाने शिवणाच्या डब्यातून लाल दोरा काढला. तो ओवायलाच तिला पाच मिनिटं लागली. पण पुढे सुईला वाट शोधावी लागली नाही, प्रत्येक भोक जागच्या जागी होतं.

तेवढ्यात खुर्च्या घेऊन ड्वाइट ऑल्मस्टेड खाली आला. सत्तरीचा, गावदिनाचा कायमचा सूत्रधार.

"बायांनो, पीचचा केक उरलाय का... अरे, गुलाब कुठे गेला? ही लेटी कोण?"

"तुझी नाळ जिने कापली ती," वेर्ला मान वर न करता म्हणाली.

ड्वाइट हसला. "चल! आई म्हणायची, डॉक्टर आला होता."

"ड्वाइट, तेव्हा गावात डॉक्टर कुठे होता?"

त्याने खुर्च्या खाली ठेवल्या. वेर्लाने पुढचा टाका घातला.