खुळ्या शिपायाचा खेळ

दुष्काळाच्या त्या वर्षी घोडेगावच्या बाजारतळावर बैल नव्हते. जनावरं छावणीत गेलेली, माणसं खडी फोडायला गेलेली. रिकामी जागा बघवेना म्हणून की काय, मोहियोद्दीन शेठनं तिथं आपला सिनेमाचा तंबू ठोकला. दिवसभर मिळालेली मजुरी लोक संध्याकाळी त्याच्या हवाली करू लागले. सरकारनं दुष्काळी कामं कुणासाठी काढली होती, हे शेठला सगळ्यांत आधी कळलं.

पिक्चर होता खुळ्या झालेल्या शिपायाचा. लढाईवरून घरी आलेल्या या नायकाला मेलेले सोबती दिसायचे. तेही पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, जसे काही परटाकडून थेट आलेले. फटाका वाजला की याचे डोळे लाल व्हायचे, झाडं शत्रू वाटायची आणि शेवटी तो बायकोचा गळा दाबायचा. बायको मरण्याआधी एक गाणंही म्हणायची. आमच्या गावानं हे सगळं तोंडाचा आ करून बघितलं आणि मग सगळ्यांना एकदमच आठवलं की आपल्याकडेही एक शिपाई आहे.

तो म्हणजे आसाराम. आमची आणि त्याची भिंत एकच, त्यामुळे मला त्याच्या घरातलं भांडंही वाजलेलं ऐकू यायचं. बांगलादेशाच्या लढाईत खांद्यात छर्रा घुसला, म्हणून पलटणीनं त्याला घरी पाठवलं. आल्यावर लग्न झालं. बायको रतनबाई देवळाली प्रवऱ्याची, चांगल्या बागायतदाराची लेक. पहिल्या बाळंतपणाला ती रीतीप्रमाणं माहेरी गेली. मुलगा झाला, बारसं झालं. आता ती परत यायची, एवढंच बाकी होतं. आसारामनं पाळण्याला दोरी बांधून ठेवली होती आणि जाता येता तो रिकामा पाळणा हलवून बघायचा.

पण शेठचा तंबू आमच्याकडे येण्याआधी देवळालीला लागला होता. रतनबाईच्या वडिलांनी, काकासाहेबांनी, तो पिक्चर पहिल्या रांगेत बसून पाहिला. आमच्याकडे पहिला खेळ झाला त्याच सुमारास त्यांचा निरोप आला की जावयाचं डोकं ठिकाणावर असल्याची खात्री झाल्याशिवाय लेकीला आणि नातवाला पाठवणार नाही.

निरोप आल्यावर गाव कामाला लागलं. आसाराम रोज दाढी करतो, अंथरुणाची चौकोनी घडी घालतो, उजाडायच्या आत पळायला जातो, हे सगळं लोकांनी वर्षभर पाहिलं होतं. आता त्याचा अर्थ लागला. त्यातून तो चपलेला पॉलिश करायचा. आमच्याकडे चपलेला खिळा मारतात. पॉलिश करणारा माणूस शहाणा कसा म्हणायचा, असं सरपंच आबासाहेबांनी चारचौघांत विचारलं.

मग पाझर तलावाच्या कामावर सुरुंग उडवायचा होता तेव्हा अर्धं गाव आसारामभोवती जमलं. आता याचे डोळे लाल होणार, हा पाटी फेकून झाडावर धावून जाणार, म्हणून पोरंबाळं घेऊन बायका लांब उभ्या राहिल्या. सुरुंग उडाला. आबासाहेब खाली बसले. मुकादमाच्या हातातली शिट्टी पडली. आसारामनं अंगावरची धूळ झटकली आणि खडी फोडायला घेतली. लोक फार नाराज झाले. त्यातल्या एकानं तर, हा मुद्दाम दाबून धरतोय, असंही निदान केलं.

अखेर तोडगा काकासाहेबांनीच काढला. आसारामनं तो पिक्चर सगळ्यांसमोर बसून पाहायचा. शांत राहिला तर रतनबाई नांदायला येईल. छावणीला उसाचे वाढे घेऊन त्यांच्या ओळखीचा ट्रक येणारच होता. त्यातून लेकीला आणि बाळाला घेऊन ते येतील. जमलं तर ठेवून जातील, नाही तर त्याच ट्रकनं परत नेतील. जनावरांच्या चाऱ्याबरोबर लेकीचा संसारही एकाच खेपेत उरकणार होता.

आसाराम हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? त्यानं पोराचं तोंड अजून पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती. शेठनं दिवसभर भोंगा फिरवला होता, खरा शिपाई पाहा, खोटा शिपाई पाहा, तिकीट एकच. बायका कनातीपलीकडे, पुरुष अलीकडे. आसारामला मधोमध बसवलं. त्याच्या एका बाजूला काकासाहेब, दुसऱ्या बाजूला आबासाहेब. गळा दाबायची वेळ आली तर कुणी तरी जवळ हवं म्हणून आबासाहेबांनी ती जागा पत्करली खरी, पण उपरणं मात्र गळ्याभोवती घट्ट गुंडाळून घेतलं. पडद्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळा तंबू वाकडी मान करून आसारामकडे बघत होता.

पिक्चर सुरू झाला आणि थोड्याच वेळात आसाराम हसला. नायकानं बंदूक उलटी धरली होती. मग नायकाचे खांद्यापर्यंत वाढलेले केस दिसले, तो परत हसला. पांढऱ्या कपड्यांतले मेलेले सोबती कवायत करत आले तेव्हा त्यांचे पाय जुळेनात आणि आसारामला हसू आवरेना. सगळा तंबू चिडीचूप, लहान पोरं आयांना चिकटलेली, आणि हा एकटा पोट धरून हसतोय. काकासाहेब हळूहळू सरकत हातभर लांब गेले.

पिक्चरमध्ये एक जाडा विनोदी आचारी होता. पलटणीसाठी रोट्यांची चळत रचून तो थाळी बडवतो, या रे या म्हणून ओरडतो, पण एकही शिपाई येत नाही, कारण सगळे नाच बघायला गेलेले असतात. आचारी रोट्यांशीच गप्पा मारतो, एकेका रोटीला शिपायाच्या नावानं हाका मारतो. इथं भीती विसरून सगळा तंबू खदखदून हसला. आसाराम मात्र हसायचा थांबला. तेवढ्यात रीळ संपलं. शेठकडे मशीन एकच, त्यामुळे रीळ बदलताना दिवा लागायचा. दिवा लागला आणि सगळ्यांना दिसलं की आसारामचा चेहरा डोळ्यांतल्या पाण्यानं भिजलाय आणि तो नुसता त्या कोऱ्या पडद्याकडे बघतोय.

निकाल लागला. भ्यायच्या जागी हसतो आणि हसायच्या जागी रडतो, याहून वेगळा पुरावा कुणाला हवा होता? आबासाहेबांनी उपरणं सैल केलं आणि पाव्हण्यांना हळहळून सांगितलं की आम्हाला पहिल्यापासून शंका होतीच. काकासाहेबांनी ठरवलं, सकाळी लेकीला घेऊन परत जायचं. कनातीपलीकडून रतनबाईनं एवढंच कळवलं की जाण्याआधी घरातून आपली भांडी आणि लुगडी घ्यायची आहेत. ती रात्र पाव्हण्यांनी आबासाहेबांच्या ओसरीवर काढली.

सकाळी ट्रक आसारामच्या दारात आला. काकासाहेब ट्रकमध्येच बसून राहिले, घरात पाऊल टाकायला तयार नव्हते. रतनबाई बाळाला घेऊन आत गेली. ते तिनं आसारामच्या मांडीवर ठेवलं आणि चूल पेटवली. दारात आलेल्या माणसाला उपाशी पाठवायचं नसतं, म्हणून तिनं सगळ्यांच्या भाकरी थापल्या. रेशनच्या लाल मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या भाकरी, वर लसणाची चटणी. मला भिंतीतून थापण्याचा आवाज येत होता.

तिनं हाक मारली. काकासाहेब म्हणाले, भूक नाही. पुन्हा मारली. ते म्हणाले, वाटेत खाऊ. खुळ्याच्या घरचं अन्न त्यांच्या घशाखाली उतरणार नव्हतं. दुरडीत भाकरी तशाच राहिल्या.

आणि मग गावानं जे बघायला तिकिटं काढली होती ते घडलं, तेव्हा बघायला गाव नव्हतं. भिंतीपलीकडचा आवाज बदलला म्हणून मी दारातून डोकावलो. आसारामनं बाळ पाळण्यात ठेवलं होतं. तो दुरडीपुढे बसला होता आणि एकामागून एक भाकरी खात होता. कोरडीच. पहिला घास गिळायच्या आत दुसरा कोंबत होता. रतनबाईनं त्याचा हात धरला नाही. तिनं दुरडी उचलली, बाहेर आली आणि ट्रकसमोर उभी राहिली.

"दादा, भाकरी खा. हितंच," ती बापाला म्हणाली.

"रतने, बाजूला हो. तुलाबी लागण झाली का?" काकासाहेब म्हणाले.

"लढाईच्या दिवशी आचाऱ्यानं सगळ्या तुकडीच्या रोट्या केल्या हुत्या," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "सांजंला खानारेच आले न्हाईत. अन्न टाकायचं न्हाई म्हनून जे मागं उरलं त्यांना त्या वाटल्या. ह्यांनी दोस्ताच्या वाटणीची खाल्ली. तवापासून उरलेली भाकरी ह्यांना बघवत न्हाई, संपवूनच उठत्यात. बास, एवढंच खूळ हाय. आता ह्या तुमच्या वाटणीच्या हायेत. तुमी जित्ते हाय, तुमीच खा."

पहिला उतरला तो ट्रकचा ड्रायव्हर कमरुद्दीन. त्याला कुणाच्या डोक्याशी देणंघेणं नव्हतं, त्याला भूक लागली होती. त्यानं चटणी मागून घेतली. मग काकासाहेब उतरले. दारातून आसाराम बघत होता, त्याच्या नजरेसमोर ते एकेक घास चावत राहिले. मिलोची भाकरी बागायतदाराला सोपी नसते. पण त्यांनी तुकडाही टाकला नाही. दुरडी रिकामी झाली तसा आसाराम दाराला टेकून खाली बसला.

काकासाहेबांनी हात धुतले. लेकीचं गाठोडं ट्रकमधून काढून उंबऱ्याशी ठेवलं. मग तिला जरा बाजूला घेऊन विचारलं, "रोजच्याला किती करतीस भाकरी?"

"दोगांच्या. त्यात एक कमीच."

"आन् तुझं पोट?"

"भरतं," ती म्हणाली.

हे ती हळूच म्हणाली, पण आसारामनं ऐकलं. त्याच्यासाठी ती लग्नापासून अर्धपोटी राहिली, हे त्याला माहीत नव्हतं. ट्रक गेल्यावर त्यानं स्वतःच चूल फुंकली आणि तिच्यासाठी एक भाकरी केली, जाडजूड, पलटणीत शिकलेली. तिच्यानं ती सगळी संपली नाही, अर्धी राहिली.

त्यानं ती अर्धी भाकरी खाल्ली नाही. फडक्यात गुंडाळून शिंक्यावर ठेवली, तिला संध्याकाळी भूक लागेल म्हणून. हे पाहायला मी सोडून कुणी नव्हतं. गाव दुसऱ्या आठवड्याची तिकिटं काढायला गेलं होतं. कुठून ऐकलं कोण जाणे, शेठचा भोंगा ओरडत होता की आता शिपायाच्या बायकोलाही लागण झाली आहे.