परत आलेले डबे

कारेगावात माझी मेस आहे. कंपन्यांत कामाला येणाऱ्या पोरांना मी डबे पुरवते. दिवाळीपर्यंत साठ जायचे, आता पस्तीस. आणखी दहा तुटले की मेसला कुलूप लावायचं आणि गावी कवठे येमाईला कांदे खुरपायला परत जायचं, हे सासूबाईंनी हसत हसत ठरवूनही टाकलं होतं. मला काही हसू येत नव्हतं.

"सुवर्णा, एखादा कोच लाव की," हे म्हणाले. मोबाईलवर यांना एक बिझनेस कोच सापडले होते. त्यांच्या पुण्याच्या शिबिरात टाळ्या वाजवून माझे हात लाल झाले. सरांनी मेसला नवं नाव शोधायला आणि पाच वर्षांचं स्वप्न लिहायला सांगितलं. मी चांगलं दोन पानी स्वप्न लिहिलं. डबे तीसवर आले.

मग नाक मुठीत धरून धुरपदामावशींकडे गेले. वीस वर्षं त्यांची मेस गावात सगळ्यात मोठी होती. माझी सुरू झाली आणि दोन वर्षांत त्यांची बंद पडली. तेव्हापासून मी त्यांचा रस्ता टाळायची. वाटलं, दारातूनच हाकलतील. पण डबे तुटताहेत एवढं ऐकलं आणि मावशी चपला घालून निघाल्यासुद्धा.

मेसमध्ये त्यांनी शेगडीकडे बघितलंही नाही. मोरीपाशी परत आलेले डबे पडले होते. एकेकाचं झाकण त्या उघडत गेल्या.

"भात चाटूनपुसून खाल्लाय, चपात्या तशाच. ह्यो बी तसाच. कुठली पोरं हायती?"

"ओडिशाची, बंगालची."

"आन् आधी?"

"बीड-लातूरची."

"मंग? पोरं बदलली, डबा तोच ठिवला. कवा उघडून बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. उष्टं काय बघायचं, म्हणून सरळ घासायला टाकायची. माझा मलाच राग आला.

"मावशी, तुम्हीच माझ्या कोच व्हा."

"मला नगं करू बाई. माझी मेस कशानं बुडाली ठावं हाय का?"

"माझ्यामुळं," मी खाली मान घालून म्हणाले.

"तुझी कसली टाप! डब्यात डाळ उरायला लागली, तवा मी पोरांनाच शिव्या घातल्या. माझी डाळ चाखली न्हाई."

शिबिरात दिवसभर बोललेल्यांपैकी एकही माणूस कधी चुकलेला नव्हता. मला एकदम हलकं वाटलं. मी मावशींचा हातच धरला.

"उद्या कधी येताय?"

"भात कवा लावतीस?"

"पहाटे पाचला."

"साडेचारला येते. झोपलेली दिसलीस तर तोंडावर पाणी मारीन."