करवतीचं जिन

शशिकलेला पाट द्यायचा अवकाश, ती पदर सावरून आपल्या मशीनची गोष्ट काढायची. धाकट्या जावेची ही खोड इंदिराबाईंच्या डोळ्यांत सलत होती. कापसातून सरकी काढून रुई करणारं करवतीचं नवं जिन काय घेतलं, बाईचे पाय जमिनीला लागेनात.

"अक्का, तुमच्या जुन्या जिनचे चामड्याचे रूळ दिवसभर घासतात, तेवढं काम आमच्या करवती दुपारच्या चहापर्यंत उरकतात."

संस्थान जाऊन मध्यभारत राज्य झाल्यापासून सगळ्यांना घाईच फार. हातोदच्या कापसाच्या गाड्याही इंदिराबाईंचं फाटक सोडून तिकडे वळू लागल्या. जळफळाट झाला. त्यांनी मिस्त्री रघुवीरला बोलावलं. "रूळ पळव. दुप्पट."

"बाईसाब, रुई का रेशा टूटेगा."

"तुटू दे. गाड्या तर आपल्या फाटकात थांबतील."

सोमवारी मिलचे अप्पासाहेब रुई निवडायला येणार होते. यंदा दोघींपैकी एकीचीच रुई मिलमध्ये जाणार, हे आख्ख्या बड्या गणपती मोहल्ल्याला ठाऊक होतं.

शनिवारी माघी गणपतीच्या वस्त्रमाळा करायला बायका इंदिराबाईंच्या ओसरीवर जमल्या. शशिकला आपल्या रुईची परडी मिरवत आली. इंदिराबाईंनी मुद्दाम तिचीच रुई उचलली, ओढून पीळ दिला. दोन मण्यांपुढे माळ जाईना. बोटांना बारीक गाठी लागत होत्या. त्यांना किती बरं वाटलं म्हणून सांगू.

"आता ही बघा," म्हणत त्यांनी आपली परडी ओढली. चौथ्या मण्याला माळ तुटली. दुसरी घेतली, तीही तुटली. रुई याच आठवड्यातली होती.

"अक्का, हात थरथरतो का हो?" शशिकलेनं गोड आवाजात विचारलं.

इंदिराबाई उठल्या. कोठीतून मागच्या महिन्याची, रूळ पळवण्याआधीची रुई आणली. एकवीस मणी झाले, माळ अखंड. ती त्यांनी शशिकलेच्या मांडीवर ठेवली.

"हात जागेवर आहे माझा. डोकं गेलं होतं, तुझ्याकडे बघून. ही या आठवड्याची रुई मी गादीत भरीन. अप्पासाहेबांना जुनी दाखवीन. तूही आपली गादीतच भर, शशिकला. माझे रूळ आज संध्याकाळी हळू होतील. तुझ्या करवतींना दात आहेत, त्या हळू चालल्या तरी चावणारच."