बॉनेटला लावलेला कान

उस्तादचा सगळा भरवसा कानावर. ठोकलेली गाडी समोर आली की आधी बॉनेटला कान लावायचा. घरघर नसेल तर गाडी बंद, चला, पत्रा कापा. बचाव तुकडीत त्याचे केस पिकले ते याच सवयीवर, आणि आजवर तिने दगा दिला नव्हता. मग कशाला कोण बदलतंय?

त्या दुपारची गाडी विजेवर चालणारी होती. दुभाजकाला घासत येऊन ती गोदामाच्या भिंतीच्या दोन हात अलीकडे थांबलेली. चालवणाऱ्याच्या बाजूचं दार चेपून त्याच्या मांडीत रुतलं होतं. माणूस शुद्धीवर होता, "पाय, पाय" एवढंच म्हणत होता.

उस्तादने कान लावला. आत चिडीचूप.

"बंद आहे," तो म्हणाला.

"अरे, या गाड्या चालू असल्या तरी गप्पच असतात," दाजी म्हणाले. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नातं एकट्या उस्तादचं, पण अख्खी तुकडी त्यांना दाजीच म्हणायची. "प्रशिक्षणात घोकून घेतलंय आपल्याकडून. आधी चाकांना ठोकळे, मग गाडी बंद करून बॅटरीची तार तोडायची, मग माणसाला हात."

"दाजी, त्याचं रक्त वाहतंय आणि तुम्ही ठोकळे काय शोधताय? हा शहाणपणा ताईसमोर चालवा."

बाकीचे हसले. दाजीही हसले, आणि तिथेच घात झाला. भांडले असते तर बरं झालं असतं. पण भरल्या रस्त्यात मेहुण्याचा पाणउतारा नको म्हणून ते गप्प बसले आणि पुढची काच धरायला गाडी नि भिंतीच्या मधे जाऊन उभे राहिले.

दार कापून निघालं. उस्तादने त्या माणसाच्या काखेत हात घालून त्याला ओढलं. कळ मस्तकात गेली तसा त्याने जखमी पाय ताठ केला आणि तो थेट वेगाच्या पेडलवर दाबला गेला. ना घरघर, ना धूर. गाडी नुसती पुढे गेली.

सगळ्यांनी मिळून ती मागे रेटली तेव्हा दाजी भिंतीला टेकून खाली बसले. परत उठले नाहीत.

तो माणूस वाचला. त्याची बायको हॉस्पिटलच्या दारात उस्तादचे हात धरून रडली, देवासारखे धावून आलात म्हणाली. उस्तादला आपल्याच हातांची किळस आली.

हे ताईला दुसऱ्या कुणी सांगून चालणार नव्हतं. त्याने जिन्याखाली जाऊन फोन लावला.

"तू बरा आहेस ना रे?" ताईने पहिलं हेच विचारलं. "अपघात झाला म्हणे तुमच्यात. माझा जीव टांगणीला लागलाय. यांना रोज बजावते, त्याच्या मागेपुढे राहा, तो कुणाचं ऐकत नाही. दे बरं यांच्याकडे फोन."

"ताई," तो म्हणाला, "मी त्यांचंही ऐकलं नाही गं."